बलभीमरावांनी पाहुणे मोजले

"पाखरं मोजायची? ह्यॅ! त्यात काय अवघड हाय?"

बलभीमरावांनी चहाची बशी खाली ठेवली आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. "गावजेवणाच्या पंगतीवरनं नुसती नजर फिरवून पानं किती मांडलीत ते सांगतो म्या! बाजारात बैल बघून वजन सांगतो! पाखरू म्हंजे काय, मूठभर जीव!"

"आप्पा, पाखरं पंगतीला बसत न्हाईत," शिवांजली म्हणाली. "उडतात."

"उडू दे की! उडून उडून जातील कुठं? वरच की!"

नळदुर्गात हायवेच्या कडेला बलभीमरावांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरीतली जळालेली मोटार त्यांच्या हातात दिली, की ती पुन्हा पाणी ओढणार म्हणजे ओढणार. माणूस गुणी. पण घडवणाऱ्यानं पाच एचपीच्या देहात साडेसात एचपीचा आत्मविश्वास बसवला होता. त्यामुळं अधूनमधून वायंडिंग जळायचं!

आता ही पाखरांची भानगड काय, तर त्यांची लेक शिवांजली. तुळजापूरच्या एका लॅबमध्ये नोकरीला. हुशार, कामसू, स्वयंपाकसुद्धा येतो. फक्त रविवारी पहाटे उठून गळ्यात दुर्बीण अडकवायची आणि धरणावर जाऊन चिखलात बसायची! पावसाळा संपला की उत्तरेकडून पाखरांचे थवे उतरतात, ते मोजायला. सोलापूरच्या एका कॉलेजातल्या अर्पिता मॅडम हे काम बघायच्या. जिल्ह्याजिल्ह्यातली हौशी माणसं एकाच रविवारी, एकाच वेळी, आपापल्या तळ्यावर बसून मोजणी करायची. नळदुर्गचं पाणी शिवांजलीकडं. तिनं एकदाही चुकवलं नव्हतं.

आणि नेमका त्याच रविवारी लोहाऱ्याच्या बाबूरावांचा निरोप आला, "मुलगी बघायला येतो. चारच माणसं. जास्त काही करू नका."

स्थळ चांगलं होतं. मुलगा कृष्णराज, शेतीखात्यात नोकरीला, घरची बागायत. शिवांजलीची आई शामला तर निरोप ऐकूनच देवापुढं साखर ठेवून आली. शिवांजली मात्र पाय रोवून उभी.

"पाखरं मोजून झाल्याशिवाय म्या साडी नेसायची न्हाय!"

"अगं, हळू बोल!" शामलानं दार लावून घेतलं. "पाहुण्यांच्या कानावर ह्यातलं अक्षर जाता कामा नये. पोरगी दुर्बीण लावून धरणावर हिंडती म्हणल्यावर कोण सून करून घेईल?"

"मग न घेऊ दे!"

माय-लेकी दोघींचे डोळे पाण्यानं भरले. असं झालं की बलभीमरावांची मोटार आपोआप सुरू व्हायची. ते मधे पडले आणि म्हणाले, "तू घरी थांब. तुझी पाखरं म्या मोजतो!"

शिवांजलीनं त्यांना चार दिवस शिकवलं. भडक सदरा नको, बोलणं नको, विडी नको. "आन आप्पा, तुमी लिहू नका. काय दिसतं ते फोनमधी बोलायचं आन मोजणीच्या ग्रुपवर सोडायचं. किती हायत, कसे दिसतात, काय करतायत. एवढंच."

"आन जाताजाता बाबूरावांच्या ग्रुपवर घरचा पत्ता बी सांगा," शामला म्हणाली. "गोड बोला!"

मोजणीच्या ग्रुपचं नाव होतं 'पाहुणे आले'. पाखरंही पाहुणीच ना! बाबूरावांनी दोन्ही घरांसाठी केलेल्या ग्रुपचं नाव होतं 'पाहुणे येणार'. निघताना शिवांजली म्हणाली, "आप्पा, चष्मा!"

"दुर्बीण असल्यावर चष्मा कशाला? मोठा घेतला की बारका लागत न्हाय!"

आणि बलभीमराव मोटारसायकलला किक मारून गेले.

धरणाचं पाणी सकाळच्या उन्हात चकाकत होतं. वेड्या बाभळीच्या जाळीत बलभीमराव पोटावर पडले आणि दुर्बीण डोळ्याला लावली. आणि काय सांगावं! पलीकडच्या काठावर करकोच्यांचा हा एवढा थवा! उंच, राखाडी, लांब मानांचे, जसे काही एखाद्या संस्थानाचे कारभारीच धोतर सावरून पाण्यात उतरलेत! बलभीमरावांनी आयुष्यात या काठावरून शेकडो मोटारी उतरवल्या होत्या, पण डोळे वर करून असं कधी बघितलं नव्हतं. क्षणभर ते मोजायचंच विसरले.

मग कामाला लागले. आधी घरचा पत्ता. फोन उघडला. चष्म्याशिवाय अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. वर दोन ग्रुप, दोन्हींची नावं 'पाहुणे'पासून सुरू होणारी! पण बलभीमराव काय कच्चे होते? त्यांनी चित्रं बघितली. एका ग्रुपवर माणसांचा घोळका. दुसऱ्यावर दोन हिरवे पोपट.

'पोपट म्हंजे पाखरांचा. माणसं म्हंजे बाबूरावांचा. साधी गोष्ट हाय!'

साधी गोष्ट उलटी होती! माणसांचा घोळका म्हणजे अर्पिता मॅडमच्या स्वयंसेवकांचा फोटो. आणि पोपटांची जोडी बाबूरावांनी हौसेनं लावली होती, लग्नकार्याला शुभ म्हणून.

बलभीमरावांनी माणसांच्या घोळक्यावर बोट दाबलं आणि गोड आवाज काढला. "राम राम मंडळी! आज आमच्या घरी यायचं हाय, इसरू नका. बसस्टँडच्या मागं, पिठाच्या गिरणीशेजारी, निळं दार. समद्यांनी या! संकोच करू नका! जेवल्याबिगर एकालाबी सोडणार न्हाय!"

मग पोपट उघडले.

"राम राम. म्या झुडपात लपून बसलोय. पाहुणे आत्ताच उतरलेत. त्यांना माझा पत्ता न्हाय! एवढे येतील असं वाटलं नव्हतं. लई म्हंजे लईच आलेत! मोजाया लागलोय."

थोड्या वेळानं दुसरा निरोप.

"वर्णन सांगतो. रंग राखाडी. गळा काळा. डोळे लालभडक. कानामागनं पांढरी केसं लोंबतायत. गवतातलं किडं टिपून खातायत. एकमेकाच्या तोंडातनं हिसकून घेतायत! आवाज तर असला कर्कश, की हायवेवरचे ट्रक बरे!"

आणि तिसरा. आता बलभीमराव रंगात आले होते.

"एक म्हातारी म्होरकी हाय. तिनं मान वर केली की समदे खायचं थांबतात. ती हालली की समदे हालतात. अशी एक म्हातारी असली की कळप बिघडत न्हाय बघा! बाकीचे नुसते भरतीचे. एक लंगडतोय. एक एका पायावरच झोपलाय! आन घाण तर इचारू नका, जागा समदी पांढरी करून ठेवलीय. पण दरसालचेच हायत, म्हणून गाव काय बोलत न्हाय. फुकट खायचं, अंगावर चरबी धरायची आन थंडी सरली की निघायचं!"

मोजणी नव्वदाच्या पुढं गेली होती. तेवढ्यात फोन वाजला! शामला. रेंज अशी, की एक शब्द येतोय आणि दोन गिळले जातायत.

"अवो... पाहुणे... आलेत का?"

"आलेत की! समोरच हायत!" बलभीमराव कुजबुजले.

"समोर? धरणावर? तिकडं कसे गेले?"

"चिखलात उतरलेत!"

"अगं बाई! जीप फसली का काय? किती जण हायत?"

"शंभराच्या आसपास!"

"किती?"

"शंभर! अजून येतायत!"

पलीकडून किंकाळीसारखं काहीतरी ऐकू आलं आणि फोन बंद पडला. करकोच्यांनाही ते ऐकू गेलं असावं. अख्खा थवा एकदम उठला, डोक्यावरून एक फेरी मारली आणि पार दूरच्या काठाला जाऊन बसला. नव्वदाच्या पुढचं सगळं गेलं! बलभीमरावांनी आभाळाकडं बघितलं, पंगत डोळ्यासमोर आणली आणि पोपटांच्या ग्रुपवर शेवटचा निरोप सोडला, "दीडशे धरा!"

आणि कामगिरी फत्ते करून, वाटेत भेटेल त्याला ती रंगवून सांगत घराकडं निघाले.

गल्लीच्या तोंडाशीच त्यांना फोडणीचा वास आला. साधासुधा नव्हे, गावजेवणाचा! दारात आले आणि मोटारसायकल बंद करायचं विसरले. दारासमोर चिखलानं माखलेल्या बुटांचा ढीग होता. गणेश मंडळाची काहील चुलवणावर चढली होती. शेजारची गंगम्मा उलथन्यानं पोहे नव्हे, जणू वाळू-सिमेंट कालवत होती. आणि अंगणात सतरंजीवर खाकी कपड्यातली, टोप्या घातलेली वीस-पंचवीस माणसं बशा हातात घेऊन बसली होती!

शामला धावत आली. कपाळावर घाम, चेहऱ्यावर आनंद.

"अवो, पाहुणे लई साधे हायत! चिखलातनं तसेच आले, पण तोंडातनं तक्रार न्हाय. शंभर म्हणलात, तेवढे न्हाईत बाई, देव पावला! पण नवरदेव कोणचा ते कळंना. म्या तिघांना ओवाळलं!"

"बाबूराव कुठं हायत?"

"तेच की! दिसंनात!"

आता गंगम्मा उलथनं सोडून एका उंच, दाढीवाल्या माणसाला गाठून बसली होती. "शेती किती हाय?"

"शेती? नाही हो, मी भूगोल शिकवतो."

"पगार?"

दाढीवाल्यानं घास गिळला आणि मदतीसाठी इकडंतिकडं बघितलं. तेवढ्यात एक बाई हसत हसत त्यांच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"काका! किती आपुलकीनं बोलावलंत हो! मी जवळच्या तळ्यांवरच्या सगळ्यांना सांगितलं, आपापली मोजणी संपवा आणि थेट काकांकडं चला!"

"तुमी कोण?"

"मी अर्पिता!"

बलभीमरावांच्या तोंडाचा आ झाला. तो मिटायच्या आत आतलं दार उघडलं. शिवांजली बाहेर आली. जांभळी रेशमी साडी, खाली मान, हातात चहाचा ट्रे. शिकवल्याप्रमाणं ती पहिल्या पाहुण्यासमोर वाकली, डोळे वर केले आणि जागच्या जागी थिजली.

"मॅडम? तुम्ही मला बघायला आलात?"

कप असे खडखडले, जसा हायवेवरून रिकामा टेम्पो चाललाय!

"बघायला? आम्ही जेवायला आलोय!" अर्पिता मॅडम गोंधळल्या. "आणि काका, तुमची मोजणी कुठंय? ग्रुपवर काहीच आलं नाही."

"आलं न्हाय? घसा कोरडा पडेस्तोवर बोललो की म्या!"

शिवांजलीनं ट्रे गंगम्माच्या हातात दिला आणि आप्पांचा फोन घेतला. एकदा बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत उतरत सायीसारखा झाला. तिनं बोट दाबलं आणि अंगणात बलभीमरावांचा खणखणीत आवाज घुमला. "...डोळे लालभडक. कानामागनं पांढरी केसं लोंबतायत..."

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "हे समदं तुमी बाबूरावांच्या ग्रुपवर टाकलंय. त्यांनी ऐकलंय बी."

बलभीमरावांना थ्री फेजच्या उघड्या तारेला हात लागल्यासारखं झालं. ते मटकन ओट्यावर बसले. शामला त्यांच्याशेजारी बसली. 'फुकट खायचं आन अंगावर चरबी धरायची!' होणाऱ्या व्याह्याला! आता लेकीचं कसं होणार?

आणि विचारत विचारत घर शोधत आलेल्या जीपचा हॉर्न गल्लीत वाजला.

जीपमधून चारच माणसं उतरली. आधी पांढऱ्या नऊवारीतली एक वाळकी, ताठ म्हातारी, बाबूरावांची आई विठाबाई. मग तिची सून, बाबूरावांची बायको. मग गाडी चालवत आलेला कृष्णराज. आणि शेवटी स्वतः बाबूराव. राखाडी सफारी. गळ्याला काळा मफलर. प्रवासाच्या धुळीनं डोळे लालभडक. आणि दोन्ही कानांमागून पांढऱ्या केसांच्या बटा लोंबत होत्या!

"अरे देवा!" बलभीमरावांच्या तोंडून निघून गेलं.

बाबूराव अंगणाच्या मधोमध उभे राहिले. राम राम नाही, काही नाही.

"बलभीमराव, आमी दीडशे नव्हतो!"

"पाव्हणं, ऐका तरी..."

"सतरा होतो! सतरा! चार जण येतो म्हणालो, सतरा निघालो, चूक हाय, कबूल! पण सतराचे दीडशे? धाब्यावर चहाला थांबलो तर तुमी झुडपात बसून मोजताय? तुमचा आवाज आला आन समदे खायचं सोडून झुडपं धुंडाळाया लागले! शरमेनं तेरा जण तिथंच सोडून आलोय!"

"पाव्हणं, ते तुमच्याबद्दल न्हाय..."

"आमच्याबद्दल न्हाय तर मग कुणाबद्दल? भजी हिसकून खाल्ली आमच्या मेव्हण्यानं, ती त्याची सवयच हाय. लंगडतोय तो आमचा साडू, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं! ताक सांडून टेबल पांढरं केलं ते लेकराचं काम. समदं कबूल! पण मला एवढंच सांगा, तुमाला तिथनं दिसलं कसं?"

बलभीमरावांनी हात जोडले. "तुमी न्हाय वो! ती पाखरं होती, पाखरं!"

"आता पाखरं म्हणताय आमाला?"

स्वयंसेवकांनी पोह्याचे चमचे तोंडाशीच धरून ठेवले. शामला डोळ्यांनीच लेकीला विनवत होती, बोलू नको, बोलू नको. पण शिवांजली पुढं झाली.

"आबा, ती खरंच पाखरं होती. धरणावरचे करकोचे. म्या मोजते दरसाल. दुर्बीण घेऊन, चिखलात बसून. घरचे म्हणले तुमाला सांगू नको, म्हणून सांगितलं न्हाय. आज तुमी येणार म्हणून आप्पा माझ्या जागी गेले आन त्यांचे ग्रुप उलटे झाले. हे समदे मोजणीवाले हायत. राग धरायचा तर माझ्यावर धरा."

शामलानं पदर तोंडावर ओढून घेतला. झालं, स्थळ गेलं! बाबूराव मुलीकडं बघत होते, मग टोप्यांकडं, मग काहिलीकडं. त्यांचा मेंदू एवढं सगळं एका वेळी ओढेना. सगळ्यांच्या नजरा हळूहळू विठाबाईंकडं वळल्या.

विठाबाई शिवांजलीच्या अगदी जवळ गेल्या. हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं.

"मग पोरी, मोजून झाली का पाखरं?"

"न्हाय आजी. आप्पांची मोजणी मधीच मोडली. दीडशे म्हणतात ते... असंच म्हणतात."

"आन आज न्हाय मोजली तर?"

"आजच मोजाया लागतात. समदीकडं आजच मोजतात, म्हणून."

"मग चहाचे कप घेऊन हितं काय करतीस? चल की!"

"आई!" बाबूराव ओरडले. "मुलगी बघायचा कार्यक्रम हाय!"

"तिथं बघू. उजेड बरा असतोय."

नळदुर्गनं बऱ्याच वराती बघितल्या असतील, पण अशी नसेल! पुढं जीप, जीपमध्ये विठाबाईंच्या शेजारी साडीवर दुर्बीण अडकवलेली नवरी. मागं स्वयंसेवकांच्या गाड्या. त्यांच्या मागं मोटारसायकलवर बलभीमराव आणि शामला, शामलाच्या मांडीवर पोह्याचा डबा. धाब्यासमोरून ही मिरवणूक गेली आणि तिथं रुसून बसलेल्या तेरा जणांनी ती बघितली. कार्यक्रमाची जागा बदलली असं समजून तेही टेम्पो करून मागं लागले!

करकोचे परत आपल्या जागी येऊन उतरले होते. शिवांजलीनं पदर कमरेला खोचला आणि तिची चालच बदलली.

"फोन बंद करा. वाका. कुणी बोलायचं न्हाय. आबा, मफलर काढा, वाऱ्यानं हालतोय."

बाबूराव तोंड उघडणार, तोच शिवांजलीनं नुसतं ओठावर बोट ठेवलं. बाबूराव गप्प बसले! मफलर काढून, घडी करून मांडीवर ठेवला. विठाबाईंनी सुनेला कोपरानं ढोसलं. चाळीस वर्षांत जे दोघींना जमलं नव्हतं ते या पोरीनं एका बोटात केलं होतं!

शिवांजली मोजत होती. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग पुन्हा. कृष्णराज तिच्याशेजारी मातीत बसला होता. सकाळपासून तो एक शब्दही बोलला नव्हता. तिनं दुर्बीण खाली केल्यावर त्यानं हळूच विचारलं, "तो लंगडणारा दिसला का?"

तिनं दुर्बीण त्याच्या हातात दिली. "त्या दगडाच्या डावीकडं. बघा."

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "एवढ्या लांबून आलाय, असल्या पायानं?"

"पाय कुठं लागतोय? पंख धड हायत की."

बाकीचं ते काय बोलले, ते कुणाला ऐकू आलं नाही. पण जरा वेळानं शिवांजली हसली, हे मात्र झुडपामागून अडतीस-चाळीस माणसांनी श्वास रोखून बघितलं. ही गर्दी मोजायला त्या दिवशी कुणी रिकामं नव्हतं.

करकोचे निघाले एकशे बारा. अर्पिता मॅडमनी बलभीमरावांना समजावून सांगितलं, की तुमच्या दीडशेत बगळेही आले असणार. बलभीमराव म्हणाले, "पंगतीत बिनबोलावलेलं कुणीबी येऊन बसतं, त्याला म्या काय करू?"

शिवांजलीनं लगेच होकार दिला नाही. "अजून दोनदा बोलू दे आमाला," म्हणाली. दोनदाचं चारदा झालं. एकदा तर कृष्णराज पहाटेच्या एसटीनं धरणावरच आला. मग होकार झाला आणि थंडी पडायला लागली तशी सुपारी फुटली, साखरपुडा ठरला.

साखरपुड्याला बाबूरावांनी कळवलेली माणसं आणि आलेली माणसं अगदी बरोबर भरली. एकही जास्त नाही! सगळ्यांना नवल वाटलं. पंगत उठल्यावर विठाबाईंनी बलभीमरावांना खुणेनं बाजूला बोलावलं.

"बसा पाव्हणं. एक सांगायचं हाय. ती पाखरं हायत, हे मला धाब्यावरच कळलं हुतं."

बलभीमराव उडालेच. "आं?"

"फोन माझ्याजवळ हुता. गवतातलं किडं टिपून खातायत म्हणलात तुमी. तवा नेमका ट्रक गेला, बाकीच्यांना ऐकू आलं न्हाय. आमचा बाबूराव लई काय काय खातोय, पण किडं न्हाय!"

"मग आजी, सांगितलं का न्हाय तवाच? आमचा जीव जायची पाळी आली हुती की!"

"का सांगू? चार सांगून सतरा घेऊन निघाला हुता. लोहाऱ्यापासनं सांगत हुते, एवढी माणसं नेऊ नको, ऐकत नव्हता. तुमच्या पाखरांनी ऐकवलं!" विठाबाई बोळक्या तोंडानं हसल्या. मग जरा पुढं सरकल्या. "आन त्या म्हातारीचं बोललात ना, ती असली की कळप बिघडत न्हाय, ते झकास हुतं. अजून ऐकते कधीमधी."

बलभीमरावांची छाती फुगली. साडेसात एचपी पुन्हा सुरू! "मग! नजर हाय आपली, आजी!"

"पर एक सांगा. शिवांजली म्हणती, करकोच्यात नर-मादी सारखीच दिसत्यात, म्हातारं-तरणं बी सारखंच. मग ती म्हातारी हाय, हे तुमी वळखलं कशावरनं?"

बलभीमरावांनी तोंड उघडलं. कशावरून, हे त्यांना पक्कं आठवत होतं. सगळ्या थव्यात ती एकटीच सकाळपासून न थांबता कलकल करत होती!

विठाबाई उत्तराची वाट बघत होत्या. बलभीमरावांनी उघडलेलं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाले, "आजी, गरम जिलबी आलीय. आणू का?"